गिम्प ३.० मधील पोकळ अक्षरे : देवनागरीत वापरून पाहिल्यानंतर

पावसाळी गाण्यांच्या एका कार्यक्रमाचे भित्तिपत्रक करताना ‘श्रावणसरी’ हा शब्द मला पोकळ अक्षरांत हवा होता. मागे धुक्यातल्या डोंगराचे छायाचित्र होते. शीर्षक लांबून वाचता येईल इतके मोठे हवे, पण त्याने डोंगर झाकता कामा नये, अशी आयोजकांची अट होती. अशा वेळी अक्षराच्या कडेने तेवढी रेघ ठेवायची आणि पोट रिकामे सोडायचे, म्हणजे अक्षरातूनही मागचे चित्र दिसत राहते. हे काम मी गिम्प ३.० मध्ये केले आणि त्यात अपेक्षेपेक्षा बराच अधिक वेळ गेला. तो का गेला आणि शेवटी कोणती वाट सापडली, तेवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

गिम्प हे चित्रसंपादनाचे मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कली विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्याची सुरुवात केली. २.१० ही आवृत्ती २०१८ साली आली आणि त्यानंतर जवळपास सात वर्षांनी, १६ मार्च २०२५ रोजी, ३.० प्रसिद्ध झाली. जुन्या आवृत्तीत पोकळ अक्षरांसाठी तयार बटण नव्हते. मजकुराचे सिलेक्शन करायचे, म्हणजे त्याची आकृती निवडून घ्यायची, नवा रिकामा लेयर, म्हणजे चित्राचा एक सुटा थर, घ्यायचा, त्यावर रेघ ओढायची आणि मूळ मजकूर दडवायचा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. नंतर शब्दात एक वेलांटी बदलायची झाली तरी सगळे पहिल्यापासून करणे आले.

नव्या आवृत्तीत मजकुराच्या साधनाखालीच ‘स्टाइल’ नावाचा पर्याय दिलेला आहे. त्यात भरीव, केवळ रेघ, आणि रेघ व भरण दोन्ही, असे तीन प्रकार मिळतात. ‘आउटलाइन्ड’ निवडले की अक्षराचे पोट आपोआप पारदर्शक होते, रेघेचा रंग आणि जाडी तिथेच ठरवता येते आणि मजकूर पुढेही बदलता येतो. रोमन लिपीतल्या चार-पाच शब्दांवर मी हा पर्याय चालवून पाहिला, तेव्हा त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. अर्ध्या मिनिटात स्वच्छ, कोरीव पोकळ अक्षरे पडद्यावर आली आणि हे काम चहा निवण्याआधी संपणार, असे मी मनाशी ठरवूनही टाकले.

मग ‘श्रावणसरी’ टाइप केले. अक्षरे पोकळ झाली खरी, परंतु शिरोरेषा जागोजागी चिरल्यासारखी दिसू लागली. श्र आणि त्याचा काना यांच्यामध्ये एक उभी रेघ, काना आणि व यांच्यामध्ये दुसरी, मग ण, मग स, असे करत सबंध शब्दात सहा सांधे उघडे पडले. सर्वांत वाईट अवस्था ‘री’ची होती, कारण दीर्घ वेलांटीची कमान जिथे र च्या डोक्यावरून येऊन शिरोरेषेत शिरते, तिथे दोन्ही आकारांच्या कडा एकमेकींना छेदून कात्रीसारखी एक फुली तयार झाली होती. शीर्षक पडद्यावर चार बोटे उंचीचे असल्यामुळे हे लपणेही शक्य नव्हते. छापून भिंतीवर लावले असते, तर सुतळीने बांधलेल्या फळ्यांचे कुंपण वाटले असते.

यात दोष सॉफ्टवेअरच्या पदरात टाकणे बरोबर होणार नाही. आपल्याला सलग दिसणारी शिरोरेषा फॉन्टमध्ये सलग नसते. प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि मध्ये फट दिसू नये म्हणून हे तुकडे एकमेकांवर किंचित चढवलेले असतात. भरीव अक्षरांत ही चढाचढ दिसत नाही, कारण काळ्यावर काळे चढले तरी काळेच राहते. नवा पर्याय मात्र प्रत्येक आकाराच्या कडेवरून स्वतंत्रपणे रेघ फिरवतो, त्यामुळे एरवी पोटात दडलेला सांधा पोट रिकामे होताच उघडा पडतो. रोमन अक्षरे सुटी सुटी असल्याने तिथे हा प्रश्न सहसा उद्‌भवत नाही. फ्लेक्सच्या दुकानांतून कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या मंडळींना हे दुखणे जुने आहे आणि ‘आधी वेल्ड मार, मग आउटलाइन दे’ हा त्यावरचा त्यांचा उतारा. वेल्ड म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून त्यांचा एकच आकार करणे.

रोमन लिपी समोर ठेवून लिहिलेल्या धड्यांत पोकळ अक्षरे उठून दिसावीत म्हणून दोन अक्षरांमधले अंतर वाढवण्याचा सल्ला हमखास असतो. तो देवनागरीत मुळीच पाळू नये. गिम्पमध्ये हे अंतर वाढवता येते, परंतु वाढवताच शिरोरेषा तुटते आणि शब्दाची सुटी अक्षरे होतात. सांध्याची रेघ जाऊन तिथे सरळ खिंडार पडते.

दुसरा प्रयत्न म्हणून मी जुन्याच वाटेने गेलो. भरीव मजकुराच्या लेयरवर ‘अल्फा टू सिलेक्शन’ (लेयरवर जे पारदर्शक नाही तेवढे निवडणारी आज्ञा) दिले की सबंध शब्दाची मिळून एकच बाहेरची कड सिलेक्शनमध्ये येते, कारण इथे सॉफ्टवेअर फॉन्टमधले सुटे आकार पाहत नाही, पडद्यावर उमटलेली अखंड आकृती पाहते. नव्या पारदर्शक लेयरवर ‘स्ट्रोक सिलेक्शन’ने ६ पिक्सेलची रेघ ओढली. सांधे नाहीसे झाले, ‘री’ची कमान शिरोरेषेत अलगद मिसळली आणि शब्द पुन्हा शब्दासारखा दिसू लागला. इथे एक जाणवले, ते असे की ही रेघ सिलेक्शनच्या कडेवर मध्यभागी बसते, म्हणजे ६ पैकी ३ पिक्सेल अक्षराच्या आत आणि ३ बाहेर जातात, त्यामुळे मुळातच बारीक असलेला फॉन्ट आतून आणखी आक्रसतो. शिवाय सिलेक्शनची कड पिक्सेलच्या पायऱ्यांवरून जात असल्याने व आणि स यांच्या गोलाईवर रेघ किंचित दातेरी दिसते. सिलेक्शनचा पाथ, म्हणजे गुळगुळीत वक्ररेषा, करून मग त्यावर रेघ ओढली तर गोलाई सुधारते, पण काटकोन थोडे बोथट होतात. आणि मुख्य गैरसोय कायम राहते. हाती उरते ते चित्र, मजकूर नव्हे. आयोजकांनी ऐन वेळी ‘श्रावणसरी’चे ‘श्रावणधारा’ केले असते, तर सारे नव्याने करावे लागले असते.

ज्या वाटेमुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले, ती तिसरी. गिम्प ३.० मध्ये फिल्टर, म्हणजे चित्रावर द्यायचा तयार परिणाम, लेयरवर कायमचा उमटत नाही, तो लेयरला टांगून ठेवता येतो. लेयरच्या नावाशेजारी ‘एफएक्स’ असे चिन्ह येते आणि त्यावरून फिल्टर केव्हाही उघडता, बदलता किंवा बंद करता येतो. मजकुराचा लेयर त्यानंतरही मजकूरच राहतो. या सोयीचा फायदा घेऊन मी शब्द भरीव ठेवला, त्याचा रंग पांढरा केला आणि त्याला ‘ड्रॉप शॅडो’ हा सावली पाडणारा फिल्टर लावला. आडवे आणि उभे सरकणे शून्य, धूसरपणा शून्य, रंग काळा, अपारदर्शकता १ आणि ‘ग्रो रेडियस’, म्हणजे सावली किती फुगवायची तो आकडा, ६, असे आकडे दिल्यावर सावली सावली राहत नाही, अक्षराभोवतीचा सारख्या जाडीचा काठ होते. त्यानंतर त्याच लेयरवर ‘कलर टू अल्फा’ हा दुसरा फिल्टर लावून पांढरा रंग काढून टाकायला सांगितले. पोट रिकामे झाले, काळा काठ उरला, डोंगर अक्षरातून दिसू लागला, आणि सांधा एकही नव्हता, कारण सावलीसुद्धा अखंड आकृतीवरूनच घेतली जाते.

दोन फिल्टरांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सावली आणि मग रंग काढणे, असाच तो हवा. उलट केले तर पांढरे अक्षर आधीच नाहीसे होते आणि सावली कशाची घ्यायची हेच त्या बिचाऱ्या फिल्टरला कळत नाही.

‘कलर टू अल्फा’चे कौतुक थोडे अधिक करायला हवे. पांढरा भाग ‘जादूची कांडी’ या एकाच रंगाचा भाग निवडणाऱ्या साधनाने निवडून पुसून टाकला, तर काळ्या रेघेच्या आतल्या कडेला फिकट राखाडी कणांची (पिक्सेलची) किनार राहते आणि गडद छायाचित्रावर ती पांढरट कोंड्यासारखी चमकते. हा फिल्टर मात्र प्रत्येक कणातला पांढऱ्याचा अंश मोजून तेवढाच काढतो, त्यामुळे कडेचा राखाडी कण अर्धपारदर्शक काळा होतो आणि कोणत्याही पार्श्वभूमीवर मऊपणे मिसळतो. ३०० टक्के मोठे करून पाहिले तरी कड स्वच्छ होती. बाहेरची कड काहीशी करकरीत वाटल्यास सावलीचा धूसरपणा अर्ध्या पिक्सेलवर आणावा. याच गुणाची दुसरी बाजू अशी की काठासाठी फिकट रंग निवडला, तर त्यातलाही पांढरा अंश निघून जातो आणि रेघ विरविरीत होते. फिकट गुलाबी किंवा आकाशी काठ हवा असेल, तर आधी काळा काठ तयार करून त्यावर रंग चढवणे बरे.

फॉन्टच्या निवडीबद्दल एक अनुभव सांगतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त परवान्याचे फॉन्ट मी नेहमी वापरतो. त्यांचा ‘मुक्त’ जाड वजनात घेतला, तर पोकळ अक्षरे उत्तम दिसतात. ‘मोदक’ हा त्यांचाच गुबगुबीत फॉन्ट भरीव असताना अतिशय देखणा आहे, पण त्यातल्या अक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा केसासारख्या बारीक असल्याने काठ देताच त्या बुजतात आणि ण कुठला, स कुठला, हे ओळखण्यासाठी वाचकाला थांबावे लागते. हौसेपायी मी त्यावर अर्धा तास घालवला. गिम्पमध्ये जोडाक्षरे नीट उमटतात. उपशीर्षकातल्या ‘मैफल’ या शब्दात ल मात्र हिंदी वळणाचा आला, तेव्हा मजकुराच्या पर्यायांत भाषा मराठी निवडली आणि तो आपल्या वळणाचा झाला. फॉन्टमध्ये मराठी रूप दिलेले असेल, तरच हे घडते.

इतर साधनांशी तुलना थोडक्यात करतो. फोटोशॉपमध्ये लेयर स्टाइलमधून ‘स्ट्रोक’ द्यायचा आणि लेयरचे ‘फिल’ शून्यावर आणायचे, एवढ्यात हे काम होते, रेघ आत, बाहेर की मधोमध हेही ठरवता येते आणि तिथेही काठ अखंड आकृतीवरून घेतला जात असल्याने शिरोरेषा चिरत नाही. त्या सोयीसाठी वर्गणी भरावी लागते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्ये हीच रीत विनामूल्य वापरता येते आणि वर्षातून एखादे पत्रक करणाऱ्याला मी तेच सुचवेन. इंकस्केप या रेखाटनाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सांध्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, तिथे ‘युनियन’ देऊन आकार जोडावे लागतात आणि मजकूर मजकूर राहत नाही. गिम्पची फिल्टरांची वाट या सगळ्यांत आडवळणाची आहे, हे मान्य करायला हवे. कोणत्याही बटणावर तिचे नाव लिहिलेले नाही आणि नवख्याला ती आपण होऊन सापडणे कठीण आहे.

फाइल बाहेर काढताना पारदर्शकता टिकवायची, तर पीएनजीच निवडावी लागते, जेपीईजीमध्ये ती मावत नाही. हे पाठ असूनही माझी फजिती व्हायची ती झालीच. रंगमंचामागच्या १० फूट रुंद पडद्यासाठी केवळ शीर्षकाची पीएनजी फाइल मी फोनवरून छपाईवाल्याला छायाचित्र म्हणून पाठवली. वाटेत तिचे जेपीईजीत रूपांतर झाले, पारदर्शक भागाच्या जागी काळा रंग भरला गेला आणि काळ्यावरची काळी रेघ अर्थातच दिसेनाशी झाली. ‘साहेब, नुसती काळी पट्टी आलीय, यात छापू काय?’ असा त्याचा फोन आला. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यावर अक्षरे सुखरूप पोहोचली.

त्यानेच मग दुसरी शंका काढली. ए३ आकारात ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ६ पिक्सेलची रेघ जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. दहापट मोठ्या पडद्यावर ती ५ मिलिमीटर होणार आणि शेवटच्या रांगेतून कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसणार. मी मूळ फाइल उघडली, ‘एफएक्स’ चिन्हावरून सावलीचा फिल्टर उघडला आणि ६ चा आकडा वाढवत नेला. १२ वर श्र ची गाठ बुजू लागली, तेव्हा ११ वर थांबलो आणि नवी फाइल काढून दिली. छपाईवाला तोवर फोनवरच होता.