आयपी ब्लॉकचा सौदा : मधल्या दिवसांत पैसे कोणाकडे ठेवायचे?

घणसोलीत केबलच्या धंद्यातून इंटरनेटच्या धंद्यात आलेला माझा एक मित्र आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला. "बाहेरचा एक जण /२२ देतोय, भाव बरा आहे, निम्मे आधी पाठव म्हणतोय. पाठवू का?" (/२२ म्हणजे १,०२४ आयपी पत्त्यांचा सलग गट, म्हणजेच ब्लॉक. इंटरनेटवरच्या जोडण्यांना हे आकडी पत्ते लागतात. स्लॅशपुढचा आकडा एकाने वाढला की पत्ते निम्मे होतात.) मी विचारलं, उरलेले निम्मे कधी? म्हणाला, ट्रान्सफर झाल्यावर. म्हटलं, ट्रान्सफर झाली हे ठरवणार कोण? त्यावर फोनमध्ये बराच वेळ ठाणे-बेलापूर रोडवरच्या ट्रकांचे हॉर्न तेवढे ऐकू येत राहिले.

मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या आयएसपीचं, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचं, नेटवर्क बघतो आणि नाइलाजाने खरेदीही. आजवर तीन ब्लॉक घेतले, एक विकला. मित्रासाठी जे टिपण काढलं, तेच इथे जरा नीट करून देतोय.

आधी बाजार समजून घ्या. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि आपल्या आशिया-पॅसिफिक भागाची नोंदणी संस्था एपनिक त्याच एप्रिलमध्ये शेवटच्या /८ वर, म्हणजे शेवटच्या मोठ्या गठ्ठ्यावर आली. मग रेशन सुरू झालं: सभासदाला जास्तीत जास्त /२२, म्हणजे १,०२४ पत्ते; २०१९ पासून /२३, म्हणजे ५१२. त्यापुढे हवे असतील तर ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून घ्यायचे. २०११ मध्येच मायक्रोसॉफ्टने दिवाळखोरीत गेलेल्या नॉर्टेलचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले. पत्त्यामागे सव्वाअकरा डॉलर पडले. दहा वर्षांनी हाच भाव पन्नासच्या वर गेला आणि पुढे उतरला. इथे हिशेबापुरता २५ डॉलरचा पत्ता आणि ९० रुपयांचा डॉलर धरू. म्हणजे /२४ पावणेसहा लाखांना आणि /२२ तेवीस लाखांना. छोट्या आयएसपीसाठी ही रक्कम बुडाली तर वर्ष बुडालं.

ज्याने सिडकोच्या जमिनीवरचं घर विकलं किंवा घेतलं आहे, त्याला पुढचं पटकन समजेल. तिथे सहसा तुम्ही जमिनीचे मालक नसता, जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली असते. पैसे घेणारा-देणारा आपसात बघतात, पण सिडकोकडे हस्तांतर होऊन कागद हातात येईपर्यंत जीव टांगणीला असतो. आयपी पत्त्यांचं तसंच आहे. नोंदणी संस्था पत्ते वापरायला देते, मालकीने देत नाही. तुमच्या पैशांच्या व्यवहारात ती पडत नाही. कागद बरोबर असले, घेणाऱ्याची गरज पटली, की नोंद बदलते. एकदा नाव बदललं की "त्याने पैसे दिले नाहीत, परत माझ्या नावावर करा" ही तक्रार तिच्याकडे चालत नाही. म्हणजे नाव बदलेपर्यंत घेणारा उघड्यावर आणि नाव बदललं की विकणारा. पुढे जे जे मार्ग सांगतोय, त्यातल्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारतो: कोण, किती दिवस उघड्यावर राहतो?

थेट पैसे, निम्मे-निम्मे

पूर्ण आगाऊ रक्कम हा मार्ग ओळखीच्या माणसाशीही नको. निम्मे-निम्मे हा प्रकार समजूतदार वाटतो, पण फसवणाऱ्याला निम्मे पुरेसे असतात. तेवीस लाखांतले साडेअकरा घेऊन तो गायब झाला तर त्याचं काय गेलं? आणि प्रामाणिक विक्रेत्याच्या बाजूने पाहिलं तर नाव बदलल्यावर उरलेले निम्मे येतीलच याची खात्री त्याला तरी कुठे आहे? म्हणजे धोका अर्धा होत नाही, दोघांत वाटला जातो. कार्ड किंवा उलट फिरवता येणारं ऑनलाइन पेमेंट विकणाऱ्याने घेऊच नये. पत्ते जातात आणि महिन्याभराने पैसेही परत मागितले जातात.

बँकेच्या तारेची (वायर ट्रान्सफरची) प्रत, ज्याला सगळे एमटी१०३ म्हणतात, ती पीडीएफ आहे. पीडीएफ म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात जमा दिसल्याशिवाय काहीही सही करू नका.

दोघेही इथलेच असतील तर

दोन्ही पक्ष भारतातले, खाती आयआरआयएनएन या भारताच्या नोंदणी संस्थेकडे, तर डॉलर आणि परदेशी एस्क्रोच्या भानगडीत शिरू नका. (एस्क्रो म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारा तिसरा.) बँकेत त्रिपक्षीय करार करून एस्क्रो खातं उघडता येतं, पण पाच-सहा लाखांसाठी शाखेतला माणूस उत्साह दाखवत नाही. फी आणि कागदपत्रं मोठ्या कंपन्यांच्या मापाची असतात.

त्यापेक्षा मला भावलेला मार्ग जुना आहे: डिमांड ड्राफ्ट. ठाण्यात फ्लॅटच्या व्यवहारात कित्येकदा करतात तसाच. घेणारा विकणाऱ्याच्या नावाने डीडी काढतो, मूळ डीडी दोघांनाही मान्य असलेल्या वकिलाच्या किंवा सीएच्या कपाटात जातो आणि झेरॉक्स विकणाऱ्याला मिळते. विकणारा बँकेत विचारून खात्री करतो. नोंदणीत नाव बदललं की डीडी त्याच्या हातात. मूळ कागद परत दिल्याशिवाय घेणाऱ्याला डीडी सहजी रद्द करता येत नाही, ही विकणाऱ्याची निश्चिंती. कोणत्या प्रसंगी डीडी कोणाला द्यायचा, हे साध्या करारात लिहून तिघांनी सही करायची. डीडीची मुदत तीन महिन्यांची, त्यामुळे ट्रान्सफरचे कागद आधी तयार ठेवून मगच काढा. आमचा एक /२४ असा झाला. खर्च डीडीचं कमिशन, स्टॅम्प पेपर आणि सीएसाहेबांना गोखले रोडवर खाऊ घातलेली मिसळ.

अगदी विश्वासाचा माणूस असेल तर एका टेबलाशी बसून आरटीजीएस. डिसेंबर २०२० पासून ते चोवीस तास चालतं, त्यामुळे संध्याकाळी नोंद बदलली तरी पैसे तेव्हाच पाठवता येतात. विकणारा तेवढा वेळ उघड्यावर असतो, पण तासांत मोजण्याइतकाच.

दलाल

एपनिक नोंदणीकृत ब्रोकरांची यादी ठेवतं. बाहेरही मोठे ब्रोकर आहेत, लिलावाने विकणारे आहेत. ब्रोकर गिऱ्हाईक आणतो, कागद लावतो, ब्लॉकचा पूर्वेतिहास काढून देतो, आणि या कामाचं कमिशन वाजवी आहे. पण "पैसे आमच्याच खात्यात ठेवा" म्हणाला, की विचारा: ते खातं त्याच्या पगार-भाड्याच्या खात्यापासून वेगळं आहे का? उद्या त्याची कंपनी बुडाली तर तुमचे पैसे तुमचे राहतील का? त्यात सौदा झाला तरच त्याला कमिशन मिळतं. वाद झाला तर मध्यस्थ म्हणून तो कुठे झुकेल? ब्रोकर घ्या, पैसे मात्र तिसऱ्याकडे ठेवा.

परवानाधारक एस्क्रो

परदेशी विक्रेत्याशी व्यवहार असेल तर माझं मत इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

एस्क्रो डॉट कॉम हे या क्षेत्रातलं जुनं नाव. १९९९ पासूनची कंपनी, कॅलिफोर्नियाच्या वित्तीय नियामकाचा परवाना, डोमेन नावांच्या सौद्यांतून मोठी झालेली. पद्धत सगळीकडे साधारण सारखी: अटी ठरतात, घेणारा पैसे एस्क्रोकडे भरतो, एस्क्रो विकणाऱ्याला "रक्कम सुरक्षित आहे" कळवतं, ट्रान्सफर होते, घेणारा तपासून होकार देतो आणि पैसे सुटतात. फी कोणी द्यायची ते आधी ठरवा. आम्ही निम्मी-निम्मी दिली.

फसवणूक होते ती खोट्या एस्क्रोमधून. विक्रेता लिंक पाठवतो, साइट हुबेहूब, नावात एखादं अक्षर इकडेतिकडे. म्हणून लिंकवर जायचं नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा आणि परवाना नियामकाच्या साइटवर स्वतः शोधायचा. विकणाऱ्यानेही "रक्कम जमा" हा ईमेल खरा मानू नये. स्वतःच्या लॉगिनमध्ये जाऊन बघावं. ऐन वेळी "आमचं बँक खातं बदललं आहे" असा मेल आला, तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक रुपयाही हलवू नका.

पण एस्क्रो कोणाची यापेक्षा करारातलं एक वाक्य जास्त महत्त्वाचं आहे: पैसे नेमके कशावर सुटणार? "ब्लॉक हस्तांतरित झाल्यावर" हे वाक्य कुचकामी आहे. विकणारा पत्ते वापरण्याचं परवानगीपत्र पाठवून म्हणेल, घ्या, झालं हस्तांतर. काही जण तुमच्या राउटरवरून ब्लॉक बीजीपीत, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना मार्ग सांगतात त्या यंत्रणेत, दिसू लागला की पैसे मागतात. ही दोन्ही भाड्याच्या घराची किल्ली आहे, सातबाऱ्यावरचा फेरफार नव्हे. आमच्या करारातलं वाक्य असं होतं: "नोंदणी संस्थेच्या हूइजमध्ये अमुक ब्लॉकसमोर घेणाऱ्या कंपनीचं नाव दिसेल, त्यानंतर कामकाजाचे पाच दिवस तपासणीचे." हूइज म्हणजे कोणता ब्लॉक कोणाच्या नावावर आहे याची उघडी नोंदवही. ती तिघांनाही उघडून बघता येते, त्यामुळे भांडायला जागा उरत नाही. आणि जोडीला दुसरं वाक्य: नोंदणी संस्थेने ट्रान्सफर नाकारली तर पैसे घेणाऱ्याला परत.

ते पाच दिवस कशासाठी? ब्लॉकच्या नावावर डाग आहे का ते पाहायला. स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या स्पॅमहाउसने केलेल्या काळ्या याद्या सौद्याआधी तपासायच्याच, पण नंतरही एकदा. विकणाऱ्याने ब्लॉकची बीजीपीतली जुनी जाहिरात मागे घेतली का, त्याच्या एएस नंबरचा (नेटवर्कच्या ओळख क्रमांकाचा) आरओए, म्हणजे हा ब्लॉक कोणत्या नेटवर्कने जाहीर करायचा याचा सही केलेला दाखला, शिल्लक नाही ना, हे बघायचं. तो राहिला आणि तुमचा स्वतःचा अजून झाला नसेल, तर तुमचा मार्ग अवैध ठरतो आणि अर्ध्या जगाला तुम्ही दिसत नाही. एकदा बाहेरून आलेला ब्लॉक वापरायला घेतला, तर कळव्यातल्या गिऱ्हाइकांचे फोन: टीव्हीवरचं ॲप म्हणतंय तुम्ही युरोपात आहात. ते जागेच्या नोंदींचं दुखणं आठवड्या-दोन आठवड्यांत निस्तरतं. त्यासाठी पैसे अडवू नयेत. काळ्या यादीसाठी मात्र अडवावेत.

आता आपल्या बाजूची कटकट. बँक फेमाखाली (परकीय चलन कायद्याखाली) पैसे बाहेर पाठवण्याचा ए२ फॉर्म मागते, आयकरासाठी सीएचा दाखला लागतो आणि पहिला प्रश्न येतो: बिल एका कंपनीचं आणि पैसे दुसरीला कसे? म्हणून एस्क्रोचा करार बिलाला जोडूनच द्या. कर कापायचा की नाही आणि जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी आपणच, भरायचा का, हे सीएला भाव ठरण्याआधी विचारा. एस्क्रोला कापलेली रक्कम पोचली तर सौदा पुढे सरकत नाही. आमची रक्कम तर मधल्या बँकेच्या शुल्कामुळे अवघी २५ डॉलर कमी पोचली आणि तीन दिवस सगळं ठप्प. फॉर्मवर शुल्काच्या रकान्यात "आमच्याकडून" ही खूण करायची राहिली होती. चूक माझीच.

एलसी

पहिल्या खरेदीच्या वेळी मला वाटलं होतं, एवढी जुनी सोय आहे, एलसीच (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद आले की पैसे देण्याची बँकेची हमी) काढू. वाशीतल्या एका बँकेत गेलो. अधिकारी भला माणूस, सगळा जन्म आयातदारांत गेलेला. फॉर्म पुढे ओढून त्यांनी विचारलं, "माल न्हावा शेवाला उतरणार की विमानाने?"

"माल उतरणार नाही, साहेब."

"मग बिल ऑफ लेडिंग कुठलं लावणार?"

मी म्हटलं, नोंदणी संस्थेच्या साइटवर आमचं नाव दिसेल, त्याची प्रिंट. त्यांनी चष्मा काढला आणि शिपायाला दोन चहा सांगितले. चहा होईपर्यंत त्यांनी मुद्दा समजावला. एलसीच्या यूसीपी ६०० नियमांत बँक कागद बघते, माल नाही. कागद वरकरणी अटींशी जुळला की पैसे द्यायचे. जहाज कंपनीच्या कागदाला वजन आहे, कारण त्याशिवाय माल सुटत नाही. साइटची प्रिंट मात्र कोणीही घरी बसून बनवेल. मोठ्या कंपन्या काही कोटींच्या ब्लॉकसाठी वकील लावून एलसी करत असतीलही. /२२ साठी मी हा विषय तिथेच सोडला.

विकत घ्यायचंच नसेल, किंवा विकायचं असेल

भाड्याने ब्लॉक घेतला तर एका वेळी महिन्याचंच भाडं धोक्यात, म्हणून एस्क्रोची गरज नाही. पण मालकाने आरओए काढून घेतला की गिऱ्हाइकं एका रात्रीत बंद. वर्षभराची गरज असेल तर ठीक, घरोघरी स्थिर आयपी दिलेत तर नको.

विकणाऱ्यांनी एक गोष्ट आधी बघावी. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या आयएसपींचे पत्ते १०३ ने सुरू होतात. एपनिकच्या शेवटच्या /८ मधले हे पत्ते मूळ वाटपापासून पाच वर्षं दुसऱ्याला देता येत नाहीत. बयाणा घेतल्यावर हे कळलं तर परत करताना तोंड दाखवायला जागा राहत नाही. घेणाऱ्याकडे नोंदणी संस्थेची पूर्वमंजुरी आहे का, तेही विचारा. असेल तर मधले उघड्यावरचे दिवस कमी होतात. दोन वेगळ्या खंडांतल्या संस्था असतील तर ते दिवस वाढतात, एस्क्रोची मुदत त्या मानाने धरा.

घणसोलीच्या मित्राने त्या विक्रेत्याला कळवलं, एस्क्रोशिवाय नाही आणि एस्क्रोचा पत्ता मी टाइप करणार. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याने पत्त्यामागे आणखी दोन डॉलर कमी केले, एस्क्रोबद्दल अवाक्षर नाही. मित्राने तो नाद सोडला. सध्या त्याची बोलणी रबाळ्यातल्या एका बंद होऊ घातलेल्या कंपनीशी चालू आहेत. भाव ठरला, /२३ ठरला. डीडी कोणाच्या कपाटात ठेवायचा, यावर गाडी अडली आहे.