२०० व्होल्टची जपानी मशीन: ऑटो ट्रान्सफॉर्मर घ्यावा की आयसोलेशन?

भोसरीच्या एमआयडीसीत काय नि शिरोलीच्या काय, सेकंडहँड जपानी सीएनसी (संगणकाने चालणारी) मशीन गाडीतून उतरली की पहिला घोळ ट्रान्सफॉर्मरचा. मशीनच्या पाटीवर २०० व्होल्ट, आपल्या पॅनेलला ४१५. दुकानदार म्हणतो ऑटो, सर्व्हिसवाला म्हणतो आयसोलेशन, आणि मालकाची नजर दोन कोटेशनमधल्या फरकावर.

आधी त्या फरकाचंच बोलू. आयसोलेशनमध्ये इनपुटचं (प्रायमरी) आणि आउटपुटचं (सेकंडरी) वाइंडिंग वेगवेगळं असतं. ऑटोमध्ये प्रत्येक फेजला एकच वाइंडिंग असतं आणि त्यालाच टॅपिंग (मधूनच बाहेर घेतलेली तार) काढतात, म्हणून लोखंड-तांबं कमी लागतं. किती कमी, ते दोन व्होल्टेजमधल्या अंतरावर ठरतं. ४१५ चे ३८० करायचे असतील तर २० केव्हीएचं (केव्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप) काम जेमतेम पावणेदोन केव्हीएच्या मालात भागतं. तिथे आयसोलेशनचा विचारही नको. (आणि पाटीवर ३८० अधिक-उणे १० टक्के लिहिलं असेल, सप्लायही ४१५ च्या वर जात नसेल, तर ट्रान्सफॉर्मरच कशाला?) पण ४१५ चे २०० करताना त्याच २० केव्हीएला साडेदहा केव्हीएचा माल लागतोच. म्हणजे बचत फार तर निम्मी, आणि तिच्यासाठी न्यूट्रलवरचा, म्हणजे तिन्ही फेजच्या सामाईक बिंदूवरचा, ताबा सोडायचा.

ऑटोच्या आउटपुटला स्वतःचा न्यूट्रल नसतो. तीन वाइंडिंगचा स्टार ऑटो (तिन्हींचं एकेक टोक एकत्र जोडलेला) असेल आणि त्याचा स्टार पॉइंट, म्हणजे तो जोड, महावितरणच्या न्यूट्रलला नीट जोडलेला असेल, तर फेज-फेज २०० आणि प्रत्येक फेज अर्थला ११५ च्या आसपास मिळतो. हे ठीक. मात्र टॅपिंगच्या खालचं वाइंडिंग तुटलं, तर वरच्या वाइंडिंगमधून मशीन सरळ ४१५ च्या फेजला लटकलेली राहते आणि आउटपुट वर चढू शकतं. २०० व्होल्टचा सर्व्हो ड्राइव्ह (मशीनच्या मोटरी चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) ते सोसेलच असं नाही.

खरा फसवा प्रकार दोन वाइंडिंगचा. स्वस्तात द्यायचा म्हणून काही जण ‘व्ही’ जोडणीचा ऑटो बनवतात. त्यात एक फेज इनपुटकडून तसाच पुढे जातो, उरलेले दोन टॅपिंगवरून. फेज-फेज तिन्ही रीडिंग २००, म्हणून वायरमन ‘ओके’ म्हणून मोकळा होतो. अर्थला मोजा: एक फेज २४०, बाकीचे दोन १२०-१२०. ड्राइव्हचा नॉइज फिल्टर (विजेतला गोंगाट गाळणारा भाग) फेज आणि अर्थ यांच्यामध्येच बसलेला असतो. तिन्ही फेज सारखे असले की त्यांचा गळती करंट बराचसा आपसात कटतो, इथे तो कटत नाही. मग मागचा आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की पडणारा ब्रेकर) कारण नसताना पडतो आणि सगळे मशीनचं इन्सुलेशन तपासत बसतात. म्हणून कोणताही ट्रान्सफॉर्मर असो, मशीनचा ब्रेकर बंद ठेवून आउटपुटला सहा रीडिंग घ्यायचीच: तीन आपसात, तीन अर्थला.

आयसोलेशनमध्ये सेकंडरी वेगळी असते, तिचा न्यूट्रल कुठे बांधायचा ते आपण ठरवतो. काहीच बांधलं नाही तर अर्थला काहीही आकडे येतात आणि वायर हलवली तरी बदलतात. तो बिघाड नव्हे, तरंगत्या सेकंडरीचा गुण आहे. पण अशा सेकंडरीत पहिला अर्थ फॉल्ट कळतच नाही, त्यामुळे इन्सुलेशन मॉनिटर (असा फॉल्ट ओळखणारं उपकरण) नसेल तर असं ठेवू नका. जपानमध्ये २०० व्होल्टच्या थ्री-फेज सप्लायचा एक फेजच अर्थ केलेला असतो. तिथे अर्थला ०, २००, २०० येणं नॉर्मल. आपल्याकडे कुणी तसं जोडलं तर त्या फेजवर टेस्टर पेटत नाही आणि माणूस फ्यूज बदलत राहतो. त्यापेक्षा सेकंडरी स्टार करून स्टार पॉइंट ट्रान्सफॉर्मरपाशी एकदाच अर्थ करावा. तिन्ही फेज ११५. महावितरणचा न्यूट्रल मशीनच्या पॅनेलमध्ये न्यायचा नाही, आणि तिथे न्यूट्रल-अर्थ पुन्हा जोडायचा नाही, नाहीतर अर्थच्या वायरमधून करंट फिरतो.

प्रायमरी डेल्टा (तीन वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली) घेतली की इनपुटला न्यूट्रल लागतच नाही. शेडमधला न्यूट्रल ढिला झाला तरी मशीनला फरक पडत नाही. नुसत्या या एका गोष्टीसाठी मी जास्तीचे पैसे द्यायला सांगतो.

आयसोलेशनचे तोटेही आहेत. वजन, उष्णता, आणि स्विच ऑन करताना इतका इनरश (क्षणभराचा मोठा करंट) की साधा एमसीबी पडतो, म्हणून असा झटका सोसणारा डी-कर्व्ह एमसीबी घ्यावा लागतो. शिवाय सेकंडरीतला अर्थ फॉल्ट मागच्या आरसीसीबीला दिसत नाही, तेव्हा सेकंडरीला स्वतःचं संरक्षण हवं.

फ्रिक्वेन्सी मात्र दोघांपैकी कुणीच बदलत नाही. पश्चिम जपानची वीज ६० हर्ट्झची. तिकडच्या मशीनचा कूलंट पंप आपल्या ५० हर्ट्झवर ८३ टक्के वेगाने फिरेल. पाटीवर फक्त २२० व्होल्ट ६० हर्ट्झ असेल, तर त्या मोटरला १८३ च्या आसपासच व्होल्ट द्यावेत.

थोडक्यात, हीटर असेल किंवा इलेक्ट्रॉनिक्स नसलेली साधी मोटर असेल तर तीन वाइंडिंगचा ऑटो चालेल. ‘व्ही’ जोडणीचा कशालाच नको. २०० व्होल्टचा सर्व्हो ड्राइव्ह असेल तर आयसोलेशनच. ऑर्डर देताना लिहून द्या: प्रायमरी डेल्टा, ३८०-४००-४१५-४४० टॅपिंगसह, सेकंडरी २०० स्टार, न्यूट्रल बाहेर काढलेला, व्हेक्टर ग्रुप (या जोडणीचं सांकेतिक नाव) डीवायएन-११. आणि २० केव्हीएला २०० च्या बाजूला ५८ अँपिअर येतात, ४१५ च्या बाजूला २८, हे केबल घेण्याआधी वायरमनला सांगा.