कुंपणातलं मैदान की खेळता रस्ता?

मैदानात झोके, घसरगुंडी, वाळू सगळं एका जागी, वर गाड्यांची धास्ती नाही. पण लहानग्याला तिथवर न्यायला मोठं माणूस लागतं; त्याला सवड नसली की खेळ बुडालाच.

दुसरा पर्याय दारातच सुरू होतो. नेदरलँड्सने १९७६ मध्ये ‘वूनेर्फ’ला कायद्यात जागा दिली: रस्ता चालणाऱ्यांचा आणि खेळणाऱ्यांचा, गाड्यांनी माणसाच्या चालीने जायचं. वेग पाटीने नव्हे, वळणांनी आणि झाडांनी आवरायचा. (त्यापायी पार्किंगची जागा घटली की मोठ्यांची कुरकुर ठरलेली.) जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल सुचवते, दारात ती येता-जाता होते. म्हणून माझं मत रस्त्याला. चेंडूच्या मोठ्या डावाला मात्र मैदानच हवं.