काचेपलीकडचा फायरबॉल : जुन्या 'प्लेअर्स हँडबुक'चा दहा महिन्यांचा अनुभव

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून काल्पनिक साहसे खेळायच्या भूमिकाखेळाच्या पाचव्या आवृत्तीचे 2014 सालचे 'प्लेअर्स हँडबुक' हे नियमपुस्तक मी दहा महिन्यांपूर्वी वाशीच्या एका विद्यार्थ्याकडून 900 रुपयांना वापरलेले विकत घेतले. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या घरी डाव बसतो; दोघी मैत्रिणी ट्रान्स-हार्बरच्या गाडीने ऐरोलीहून येतात आणि डीएमची, म्हणजे खेळ चालवून निर्णय देणाऱ्याची, जबाबदारी माझ्या भाच्याकडे आहे. फासे, क्लास, लेव्हल यांविषयी मी येथे लिहीत नाही, कारण ते खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. मला लिहायचे आहे ते मंत्रांचे नियम कसे वाचावेत याविषयी, आणि त्यातही विशेषतः एका काचेविषयी.

तिसऱ्या महिन्यात आमच्या गटाला एका जुन्या मठाच्या दालनात सात शत्रू एकत्र बसलेले दिसले. मध्ये मोठे बंद तावदान होते. माझी विझार्ड, म्हणजे जादूगार पात्र, पाचव्या लेव्हलची; त्यामुळे तिसऱ्या पातळीचे स्लॉट, म्हणजे मंत्र टाकण्याच्या मोजक्या संधी, तिच्याकडे दोनच. ते मी फार जपून वापरते. तरीही वीस फूट त्रिज्येत सातही जण सापडत आहेत असे पाहून मी फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र टाकला. भाचा म्हणाला, "मावशी, मध्ये काच आहे. गोळा काचेच्या अलीकडेच फुटेल." इजा ठरवणाऱ्या सहा बाजूंच्या आठ फाशांची बेरीज 31 आली, आधीच जखमी असलेली आमची क्लेरिक, म्हणजे गटातले पुरोहित पात्र, आगीत कोसळली आणि पुढची चाळीस मिनिटे खेळाऐवजी वाद झाला.

त्या रात्री मी पुस्तक घेऊन बसले, तेव्हा त्याचा खरा दोष लक्षात आला. फायरबॉलचे वर्णन अकराव्या प्रकरणात आहे आणि त्यात काचेचा उल्लेखच नाही. लक्ष्यापर्यंत वाट मोकळी असली पाहिजे, ते टोटल कव्हरच्या, म्हणजे पूर्ण आडोशाच्या, मागे असता कामा नये, हा नियम दहाव्या प्रकरणात आहे. आणि टोटल कव्हर म्हणजे काय, हे नवव्या प्रकरणात, लढाईच्या नियमांत सांगितले आहे. एका मंत्राचा अर्थ लावण्यासाठी तीन प्रकरणे उघडावी लागतात, आणि ती उघडावी लागतील अशी सूचना मंत्राच्या वर्णनात कोठेही नाही.

त्याहून अधिक त्रास मला एका क्रियापदाने दिला. टोटल कव्हरच्या व्याख्येत इंग्रजीत जो शब्द योजला आहे, त्याचा सरळ अर्थ लक्ष्य अडथळ्यामागे पूर्णपणे 'दडलेले' असणे असा होतो. आता मराठीत झाकणे वेगळे आणि दडवणे वेगळे. गोखले रोडवरच्या दुकानातील साडी काचेने झाकलेली असते, पण दडलेली मुळीच नसते. ती दिसावी म्हणूनच काच लावलेली असते. या शब्दावर बोट ठेवून मी पुढचे दोन महिने ठामपणे सांगत राहिले की काच टोटल कव्हर देऊच शकत नाही. आज मला ते मत चुकीचे वाटते, कारण दहाव्या प्रकरणातील मोकळी वाट म्हणजे नुसती दिसणारी वाट नव्हे. तावदानापलीकडचा माणूस मला दिसतो, पण मी फेकलेला दगड वाटेत काचेवरच आपटतो.

मात्र भाच्याचा निर्णयही नियमाला धरून नव्हता. परिणामाचा केंद्रबिंदू अडथळ्याच्या अलीकडे सरकतो, हे वाक्य पुस्तकात आहे खरे, परंतु ते केवळ न दिसणाऱ्या बिंदूपुरते आहे. आम्हाला बिंदू स्पष्ट दिसत होता. मग काय व्हायला हवे होते, याचे उत्तर मूळ पुस्तकात नाही. ते 2017 च्या 'झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग' या पुरवणीत मिळते. ज्या लक्ष्यावर मंत्र चालू शकत नाही त्यावर तो टाकल्यास परिणाम काहीच होत नाही आणि स्लॉट मात्र खर्ची पडतो. म्हणजे क्लेरिक वाचली असती आणि माझा स्लॉट फुकट गेला असता. हा नियम मला काटकसरी माणसावर अन्याय करणारा वाटतो. समोरची काच विझार्डच्या डोळ्यांना दिसत असेल, तर मंत्र उच्चारण्यापूर्वीच डीएमने तसे सांगावे, असे आम्ही आता ठरवून घेतले आहे.

माझा राग निवळण्यास 2025 साल कारणीभूत झाले. 2024 च्या सुधारित नियमांचा पायाभूत भाग 'एसआरडी 5.2' या नावाने क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध झाला, आणि नवे पुस्तक विकत न घेता मी तोच उतरवून घेतला. त्यात टोटल कव्हर म्हणजे संपूर्ण लक्ष्याला झाकणारी वस्तू, असे लिहिले आहे. दडणे गेले आणि झाकणे आले. एका क्रियापदाने दोन महिन्यांचा वाद निकालात निघाला. अदृश्य प्राण्याविषयीची जुनी विसंगतीही दूर झाली आहे. पूर्वी अदृश्य गोष्टी दाखवणाऱ्या 'सी इन्व्हिजिबिलिटी' मंत्राने तो दिसत असला तरी अक्षरशः वाचता त्याला हल्ल्यातील फायदा मिळतच राहत असे. आता ज्याला तो दिसतो त्याच्याविरुद्ध तो फायदा मिळत नाही.

नियम स्पष्ट झाल्यावर काच मला आवडू लागली, हे मी मोकळेपणाने लिहिते. शाळेत संस्कृत शिकवताना आमच्या बाई उत्सर्ग आणि अपवाद समजावून सांगत : सामान्य नियम सर्वत्र लागू, परंतु विशेष नियम आला की सामान्याने बाजूला व्हायचे. हे पुस्तकही आरंभीच तेच तत्त्व सांगते. त्यामुळे आता मंत्र वाचताना मी आधी दहावे प्रकरण मनात ठेवते आणि मग मंत्राचे वर्णन त्यातून स्वतःला कोठे सोडवून घेते ते शोधते. क्षणात दुसऱ्या जागी नेणारा 'मिस्टी स्टेप' हा मंत्र त्याचा उत्तम नमुना आहे. तो टाकणाऱ्यावरच चालतो आणि तीस फुटांपर्यंतची रिकामी जागा केवळ दिसली तरी पुरते, म्हणून विझार्ड काचेपलीकडे जाऊ शकते, पण तिचा फायरबॉल जाऊ शकत नाही. आगीचा झोत फेकणाऱ्या 'फायर बोल्ट' या मंत्राच्या वर्णनात प्राण्याबरोबर वस्तूचाही उल्लेख आहे, म्हणून त्याने काच फोडता येते. 2014 च्या 'एल्ड्रिच ब्लास्ट' या झोताच्याच दुसऱ्या मंत्रामध्ये केवळ प्राणी म्हटले असल्याने अक्षरशः वाचता त्याने फोडता येत नाही.

 

माझ्या प्रतीत नवव्या प्रकरणातील त्या व्याख्येशेजारी मी पेन्सिलीने 'झाकणारी वस्तू' असे लिहून ठेवले आहे आणि फायरबॉलच्या पानावर नवव्या व दहाव्या प्रकरणांचे पृष्ठक्रमांक टिपले आहेत. गेल्या रविवारी आम्ही पुन्हा एका तावदानासमोर उभे होतो. काचेचा एसी, म्हणजे हल्ला लागण्यासाठी गाठावा लागणारा आकडा, 13 असतो. मी फायर बोल्ट टाकला, फासा आणि बोनस मिळून 17 झाले आणि तावदान फुटले. कॅन्ट्रिप, म्हणजे स्लॉटशिवाय टाकता येणारा साधा मंत्र, असल्याने स्लॉट खर्च झाला नाही. पुढच्या फेरीत वाट मोकळी होती, शत्रू अजून दारापर्यंत पोहोचले नव्हते, आणि भाच्याने न विचारताच आठ फासे माझ्यापुढे सरकवले.