शेताचा गेम घ्यावा की होडीचा?

माझा मामेभाऊ यंदा एप्रिलात मुंबईची नोकरी सोडून मालवणजवळच्या आचऱ्याला परतला. मामा गेल्यापासून मामी त्या घरात एकटी होती. तिच्याकडून कलमांची बाग समजून घ्यायची आणि घराच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या, असा त्याचा बेत आहे. पण जून लागला की पर्यटक फिरकत नाहीत, आंब्याचं कामही उरकलेलं असतं. मे संपता संपता त्याचा फोन आला. "ताई, लॅपटॉप जुनो आसा आणि पैसे एकाच गेमापुरते आसत. शेताचो घेव की व्हडयेचो?"

शेताचा म्हणजे स्टार्ड्यू व्हॅली, होडीचा म्हणजे ड्रेज. मी दोन्ही खेळले आहे, तेही इथे मालवणात, पावसात, लाईट जात-येत असताना. फोनवर दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहिते. त्याच्यासारखं आणखी कुणी अडलं असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

दोन्ही गेमची सुरुवात आपल्याकडच्या माणसाला ओळखीची वाटते. स्टार्ड्यूमध्ये शहरातल्या कचेरीत पिचलेला माणूस आजोबांनी मागे ठेवलेल्या पडीक शेतावर राहायला येतो. झुडपं, दगड, ओंडके आणि मधे एक लहानसं घर. ड्रेजमध्ये तुमची होडी खडकावर फुटते, ग्रेटर मॅरो नावाच्या गावचा महापौर दुसरी होडी देतो आणि तिचं कर्ज डोक्यावर येतं. मासे विकून ते फेडायचं. उचल घेऊन होडी चालवणं म्हणजे काय, हे बंदरावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

स्टार्ड्यू एरिक बॅरोन या माणसाने एकट्याने केला. चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग, सगळं त्याचं. साडेचार वर्षांच्या आसपास लागली आणि २६ फेब्रुवारी २०१६ला गेम आला. ड्रेज न्यूझीलंडच्या ब्लॅक सॉल्ट गेम्स या लहानशा चमूचा, ३० मार्च २०२३चा. दोन्ही गेम मोठ्या कंपन्यांच्या कारखान्यातून आलेले नाहीत, आणि खेळताना ते जाणवतं. कुणीतरी जीव लावून केलेली वस्तू हातात आहे असं वाटतं.

ठरवताना मी सगळ्यात आधी घड्याळ बघायला सांगेन. स्टार्ड्यूचा दिवस सकाळी सहाला उगवतो आणि रात्री दोनला संपतो; आपल्या घड्याळात साधारण १४ मिनिटं. तेवढ्यात रोपांना पाणी घालायचं, कोंबड्या बघायच्या, पिअरच्या दुकानातून बी आणायचं (ते बुधवारी बंद असतं), खाणीत उतरायचं, गावातल्या चार माणसांशी बोलायचं. रात्री दोनच्या आत अंथरुणावर पाठ टेकली नाही तर असाल तिथे कोसळता. ऋतू २८ दिवसांचा. तो पालटला की शेतात उभं असलेलं बहुतेक पीक वाळून जातं. चित्रं गोड आहेत, संगीत हळुवार आहे, पण माझं पहिलं वर्ष नुसत्या धावपळीत गेलं. दिवस संपला की वाटायचं, उद्याचा तेवढा बघू आणि उठू. असं करत मध्यरात्र उलटायची.

ड्रेज भीतीचा गेम म्हणून ओळखला जातो, आणि तो तसा आहेही. पण त्याचं घड्याळ तुमच्या हातात असतं. होडी चालवली किंवा गळ टाकला की वेळ पुढे सरकते. थांबलात की तीही थांबते. भर समुद्रात होडी उभी करा, नकाशा बघा, उठून चहा ठेवा, दारावर कुणी आलं तर अर्धा तास बोलून या. सूर्य होता तिथेच असतो. हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले, आणि लक्षात आल्यावर फार निवांत वाटलं. आठ वर्षं लोकलची वेळ गाठत काढलेल्या माणसाला हा निवांतपणा हवाहवासा वाटेल, असं मला वाटतं. (स्टार्ड्यूतही एकटे खेळताना मेनू उघडला की वेळ थांबते. पण मेनू मिटला की पुन्हा तीच घाई.)

आता लाईटचं. तारांवर माडाची झावळी पडली की आमच्याकडे संध्याकाळ अंधारात जाते, हे काही नवीन नाही. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गेलं तेव्हा तर इथल्या कित्येक गावांनी दिवसचे दिवस विजेशिवाय काढले. स्टार्ड्यू लॅपटॉपवर फक्त झोपताना सेव्ह होतो. मधेच बॅटरी संपली तर तो अख्खा दिवस पुसला जातो, पण तो दिवस म्हणजे १४ मिनिटं. ड्रेजमध्ये धक्क्याला लागलात की सेव्ह होतं, त्यामुळे लांबच्या फेरीवर असताना लाईट गेली की जास्त जीव तुटतो. शिवाय जुन्या लॅपटॉपचा विचार करायला हवा. स्टार्ड्यू २ जीबी रॅम आणि ५०० एमबी जागेत भागवतो. ड्रेजचं पाणी, धुकं, प्रकाश यांना यंत्र जास्त राबवावं लागतं, बॅटरी भराभर उतरते. इंटरनेट मात्र दोन्हींना लागत नाही. आमच्या गल्लीतली मुलं बीजीएमआय हा इंटरनेटवरचा गेम खेळतात, त्यांचा जुलै रेंज शोधण्यात जातो.

पावसावर मला जरा थांबायचं आहे. स्टार्ड्यूमध्ये पाऊस म्हणजे सुट्टी. शेताला आपोआप पाणी मिळतं, सकाळ मोकळी होते, मग गळ घेऊन नदीवर जायचं. आपल्याकडे सगळं उलटं. पाऊस आला की चिखलणी, तरवा (भाताची रोपं) काढणं, लावणी, दिवसभर वाकून. आणि समुद्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंद. त्यामुळे बाहेर धो धो कोसळत असताना स्क्रीनवरचा पाऊस बघून "चला, आज मासेमारी" म्हणताना मला सुरुवातीला विचित्र वाटायचं. मग एक दिवस नदीत कॅटफिश लागला. त्या गेममध्ये हा मासा पावसातच लागतो. मला एकदम चढणीचे मासे आठवले. पहिला जोराचा पाऊस झाला की व्हाळाला पाणी येतं, मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात आणि रात्री बॅटऱ्या घेऊन अर्धा गाव व्हाळावर जमतो. ईल, म्हणजे आपल्या वामीचं भावंड, तीसुद्धा तिथे पावसाळी रात्रीच समुद्रात लागते. हे सगळं लिहिणारा माणूस सिएटलचा, पण पाऊस आणि मासा यांचं नातं त्याने किती बरोबर हेरलंय! मासा खेचणं मात्र सोपं नाही. हिरवी पट्टी माशासोबत वरखाली नाचवावी लागते आणि पहिल्या आठवड्यात निम्म्याहून जास्त मासे सुटतात. ड्रेजमध्ये योग्य वेळी बटण दाबलं की झालं. चुकलात तर मासा सुटत नाही, फक्त उशीर होतो.

ड्रेजची खरी गंमत मासा होडीत आल्यावर सुरू होते. होडीचा खण चौकोनांत आखलेला असतो. प्रत्येक माशाचा आकार वेगळा, तो फिरवून, सरकवून बसवायचा. इंजिन, दिवे, गळ हेही जागा अडवतात. खडकावर आपटलात तर एखादा चौकोन फुटतो आणि त्यातला माल जातो. आणि मासा ठेवला तर शिळा होतो, भाव उतरतो.

माझे बाबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जात. आता गुडघ्यांमुळे जात नाहीत. मी ड्रेज खेळत होते तेव्हा ते मागे येऊन बसले. पहिला प्रश्न, "हेच्यात मासे कुजतत पण?" हो म्हटल्यावर दुसरा, "मग बर्फ खंय?" बर्फाची पेटी त्या पहिल्या होडीत नव्हती. मग त्यांनी खुर्ची ओढली. ब्लू मॅकरेल दिसला तेव्हा "ह्यो बांगड्याचोच भाव" म्हणाले, भाव म्हणजे भाऊ. थोड्या वेळाने म्हणाले, "हंय भरती-सुकती दिसना नाय," आणि त्यांचं बरोबर होतं. दोन्ही गेमच्या समुद्राला भरती-ओहोटी नाही. त्यानंतर आठवडाभर ते मला सांगत राहिले: खण पुरता भरू नकोस, येताना काही चांगलं मिळालं तर जागा हवी, मावळतीच्या आत धक्का गाठ. दोन्ही सल्ले त्या गेममध्ये शंभर टक्के लागू पडतात. बाबांशी समुद्राबद्दल इतकं बोलणं माझं त्याआधी कधी झालं नव्हतं. ड्रेज मला प्रिय आहे तो त्या आठवड्यामुळेही.

रात्रीचं सांगायलाच हवं, कारण काहींनी त्यासाठीच हा गेम टाळावा. अंधार पडला की धुकं उतरतं. वर एक डोळा उघडतो आणि घाबरा होत इकडेतिकडे फिरू लागतो. समोर नसलेले खडक दिसायला लागतात. काही मासे रात्रीच मिळतात, म्हणून जावं तर लागतंच. जाळ्यात कधी तीन डोक्यांचा कॉड येतो. दिवे लावले आणि धक्क्याला जाऊन झोप घेतली की भीती ओसरते. ज्यांना एवढंही नको त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये पॅसिव्ह मोड आहे. तो चालू केला की पाण्यातली जनावरं अंगावर येत नाहीत. पण गोष्ट काळीच राहते. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, झोप लागत नसेल, तर रात्री एकट्याने ड्रेज लावू नये असं मला मनापासून वाटतं.

स्टार्ड्यूतल्या आंब्याबद्दल भावाला मुद्दाम सांगायचं आहे. डिसेंबर २०२०च्या अपडेटमध्ये जिंजर आयलंड नावाचं बेट आलं. तिथल्या व्यापाऱ्याला ७५ शिंपले दिले की आंब्याचं रोप मिळतं. तिथवर पोचायला गेममधलं वर्ष-दीड वर्ष सहज जातं. झाड २८ दिवसांत मोठं होतं आणि उन्हाळ्यात रोज एक आंबा देतं. खऱ्या कलमाला हातात फळ द्यायला वर्षं लागतात. मोहोर, तुडतुडे, अवेळी पाऊस, काहीच त्या झाडाच्या वाट्याला नाही. त्यामुळे शेती शिकायला म्हणून स्टार्ड्यू घेऊ नये. पण एक नियम त्यात आहे: रोपाच्या चहूबाजूंचे चौकोन मोकळे ठेवले नाहीत तर ते वाढत नाही. आपल्याकडे हापूसच्या जुन्या लागवडीत दोन कलमांत दहा-दहा मीटर सोडतात. मामीने बागेत पहिल्या दिवशी त्याला हेच दाखवलं होतं.

किती दिवस पुरतो? ड्रेज दहा-बारा तासांत संपतो, सगळे मासे गोळा करायचे म्हटलं तर थोडा जास्त. पुढे दोन पुरवण्या विकत मिळतात, पेल रीच आणि आयर्न रिग. मी तो एका आठवड्यात संपवला आणि शेवट झाल्यावर लॅपटॉप मिटून गप्प बसून राहिले. स्टार्ड्यूला तसा शेवट नाही. माझ्या शेताचं सहावं वर्ष चालू आहे, मधे सहा महिने उघडलं नाही तरी काही बिघडत नाही. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर घेतलात तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून झाला असेल तर पैसे परत मागता येतात. ड्रेज आवडेल की नाही हे दोन तासांत नक्की कळतं. स्टार्ड्यूचे दोन तास म्हणजे वसंतातले आठ दिवस. पार्सनिप या कंदाचं पहिलं पीक हातात येतं, बाकी गाव अजून अनोळखीच असतं. तेवढ्यावर त्याचा निकाल लावू नये.

मग कुठला? ज्याचा वेळ तुकड्यातुकड्यांत येतो, पाहुणे, हाका, गोठा, दुकान, आणि ज्याला सुरू केलेलं संपलेलं बघायला आवडतं, त्याने ड्रेज घ्यावा. लॅपटॉप बरा असेल तर डोळे झाकून. ज्याला एखादी गोष्ट वर्षानुवर्षं जवळ ठेवायची आहे, त्याने स्टार्ड्यू. मला स्वतःला विचाराल तर ड्रेज. तशी घट्ट वीण मी फार थोड्या गेममध्ये पाहिली आहे.

भावालाही मी ड्रेजच सांगितला असता. त्याला घाई नको आहे आणि समुद्र त्याला माझ्याइतकाच आवडतो. पण ड्रेज एकट्याने खेळायचा आहे. स्टार्ड्यू एकाच लॅपटॉपवर दोघांना खेळता येतो. स्क्रीन मधोमध दुभागते, एकाने कीबोर्ड घ्यायचा, दुसऱ्याने कंट्रोलर. दोघं असताना मेनू उघडूनही वेळ थांबत नाही, म्हणून कामं वाटून घ्यावी लागतात: एकाने पाणी घालायचं, दुसऱ्याने मासे. मामी संध्याकाळी सात वाजता देवाजवळ दिवा लावते, मग जेवणापर्यंत तिला काही काम नसतं आणि ती ओटीवर बसून राहते. गेल्या दोन पावसाळ्यांत मी गेले तेव्हा तेव्हा तिला तशीच बसलेली पाहिलं आहे.

तेव्हा स्टार्ड्यू घे. माझ्याकडे एक जास्तीचा कंट्रोलर आहे, रविवारी आचऱ्याला येते आहे तेव्हा आणते. सुरुवातीला मामीकडे कोंबड्या दे, मासे तू बघ. आणि आंब्याचं रोप मिळेल तेव्हा ते कुठे लावायचं, हे तिलाच ठरवू दे.