शॉवरचे काचेचे दार बदलून घेतले: माप उत्तम, सिलिकॉन निष्काळजी

आमच्या न्हाणीघरातील शॉवरचे काचेचे दार गेले काही महिने उंबऱ्याच्या फरशीला घासत होते, आणि बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार खाली उतरले आहे हे लक्षात येईपर्यंत त्याच्या खालच्या कोपऱ्याला नखाएवढा टवका उडाला होता. हा टवका भरून दार वाचवता येईल, अशी आमची समजूत होती. पाहणीसाठी आलेल्या कारागिराने ती खोडून काढली आणि तसे का करता येत नाही हेही नीट समजावून सांगितले. अशा दाराची टफन, म्हणजे मुद्दाम कणखर केलेली, काच सुमारे ६२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते, त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. तिची ताकद त्यातूनच येते. पण कडेची इजा त्या गाभ्यापर्यंत पोहोचली की काच तडकून थांबत नाही, सबंध दाराचा एका क्षणात चुरा होतो. नवे दार येईपर्यंत शॉवर वापरू नका, असे बजावून त्याने जुन्या काचेला दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावून दिली, जेणेकरून ती फुटलीच तर तुकडे फारसे उडू नयेत.

या सेवेचे खरे कौतुक करायचे ते मापासाठी. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही. बिजागरीच्या खाचा आणि मुठीची भोके भट्टीत जाण्यापूर्वीच पाडावी लागतात. म्हणून त्याने रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजली, भिंतीला ओळंबा लावला, आणि भिंत वरपासून खालपर्यंत ६ मिलिमीटर कललेली असल्याचे मला प्रत्यक्ष दाखवले. काच सरळच कापून घ्यायची आणि हा फरक बिजागरीच्या मागे पॅकिंग देऊन काढायचा, असे ठरवून त्याने सगळी मापे कागदावर आकृतीसह लिहून माझ्याकडून तपासून घेतली. बिजागऱ्याही बदलाव्यात हा त्याचा आग्रह मला आधी अनावश्यक वाटला होता. पण ८ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला २० किलो भरते, आणि एवढा भार झिजलेल्या बिजागऱ्यांवर पुन्हा टाकण्यात अर्थ नव्हता.

काच यायला कबूल केलेल्या मुदतीपेक्षा आठवडाभर उशीर झाला. बसवायला दोघे जण आले. काच टेकवण्याआधी त्यांनी फरशीवर जाड पुठ्ठा अंथरला, काच आणि धातू यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी रबरी गॅस्केट बसले आहे ना हे बोट फिरवून पाहिले, आणि मगच स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. कडेची जपणूक अशी असावी लागते.

इतके नेटके काम करणाऱ्यांनी फटी बुजवणाऱ्या सिलिकॉनच्या बाबतीत केलेली घाई म्हणूनच अधिक खटकली. बाजूच्या स्थिर काचेच्या तळाशी जुन्या सिलिकॉनचे काळपट अवशेष तसेच होते, फरशीही ओलसर होती, आणि त्यावरच नवा थर ओढून संध्याकाळी आंघोळ करायला हरकत नाही असे सांगण्यात आले. नळीवर मात्र २४ तास पाणी लागू देऊ नये असे स्पष्ट छापलेले होते. मी तो काळ पाळला, तरीही दहा दिवसांत कोपऱ्यातला थर उचलला गेला आणि पाणी बाहेर झिरपू लागले. दोनदा फोन केल्यावर माणूस आला. त्याने सगळे सिलिकॉन ब्लेडने खरवडले, जागा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी होऊ दिली आणि नवा थर दिला. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत हे खरे, पण पहिल्याच दिवशी अर्धा तास अधिक दिला असता तर ही वेळ आली नसती.

आता दार एका बोटाने फिरते, सोडावे तिथे थांबते, आणि खालच्या रबरी पट्टीखालून पाणी येत नाही. मापासाठी मी याच लोकांना पुन्हा बोलवीन. सिलिकॉन भरायच्या वेळी मात्र जुना थर पूर्ण निघाला आहे आणि फरशी कोरडी आहे, हे स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय त्यांना नळी उघडू देणार नाही.