जानापाव की पचमढी? कोळ्यांसाठी कुठला डोंगर धरावा

आमची इंदूरच्या रामबागेतली भाची एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी आठ पायांचे कोळी मोजणार आहे, पण डोंगर ठरत नाही. घरात दोन पक्ष पडलेत. मी जानापाववाला.

पचमढीचा मोह मला समजतो. पिपरियाच्या सपाटीपासून धूपगडाच्या 1350 मीटरपर्यंत हजारेक मीटरची चढण, साग आणि साल दोन्ही, घळींत नेचे. उंचीप्रमाणे कोळी कसे बदलतात हाच प्रश्न असेल तर तिकडेच जावं. जानापावला पायथा ते माथा फरक जेमतेम. त्यातून उंचीचा परिणाम काय कप्पाळ निघणार!

पण पचमढीभोवतालचं जंगल सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतं. नमुने घ्यायला वनखात्याची परवानगी हवी, आणि रात्री पायी फिरायचं तर विसराच. इथेच घोडं पेंड खातं. कितीतरी कोळी रात्रीच बाहेर पडतात. कपाळाला बॅटरी बांधून गवतावर झोत टाकला की हिरवट ठिपके लुकलुकतात. दव वाटतं, वाकून पाहावं तर लांडगा कोळ्याचे डोळे, आणि मादी असेल तर पाठीवर पिल्लांची दाटी.

जानापाव महूच्या पुढे, चंबळेच्या उगमाचा डोंगर. परवानगीचं तिथेही विचारून घ्यावंच. पण सकाळी पोहे खाऊन निघालं की संध्याकाळी घरी, आणि पंधरा दिवसांनी परत. मला हेच मोलाचं वाटतं. कोळ्याची जात बहुधा पूर्ण वाढलेल्या नर-मादीच्या जननेंद्रियांवरून, सूक्ष्मदर्शकाखाली ठरते. पिल्लू हाती आलं तर बरेचदा प्रजातीवरच, म्हणजे जातीच्या वरच्या गटावरच, गाडी अडते. एकाच फेरीत पिल्लंच जास्त मिळाली तर यादी लंगडी. शिवाय जमिनीवर फिरणारे कोळी आत पडावेत म्हणून काठ जमिनीशी समपातळीत येईल असे पेले पुरले, की ते उपसायला कोणीतरी परत जायलाच हवं. एक जोराची सर आली की पेला तुडुंब आणि नमुने वाहून गेलेले.

संवर्धनाचा प्रश्नही जानापावला आयताच आहे. कार्तिकी पौर्णिमेला तिथे जत्रा भरते. वाटेलगतच्या पाचोळ्यातले कोळी जत्रेआधी किती, नंतर किती, आणि वाटेपासून आत, जिथे पाय पडत नाहीत तिथे किती? एवढं नीट मोजलं तरी प्रबंध उभा राहतो.

रात्रीच्या फेरीला सोबत मी येईन म्हटलंय. ताईचं मत मात्र पचमढी. कोळ्यांचं तिला काही नाही, चार दिवस थंड हवा मिळेल म्हणते.